मालकांचा अंगठा

मालक, शेवरा गेला.
एकावन्न हजाराला.
पावती, घेणाऱ्याचं आधार कार्ड, टेम्पोचं भाडं,
बाजार समितीची फी,
सगळ्याचे फोटो पाठवले.
तुमचा अंगठा आला लगेच.

चार दाती होता, हे तुम्ही विचारलं नाहीत.
वशिंडापाशी तळहाताएवढा काळा डाग,
पेंड खाताना डोळे मिटायचा,
आणि टेम्पोच्या फळीवर पाय ठेवायला
शेवटपर्यंत कबूल नव्हता.
असल्या गोष्टींना वहीत रकाना नसतो.

पहिल्या वर्षी माझ्याशी कुणी सौदाच करेना.
हाळीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत,
उपरण्याखाली बोटं धरून बोलतात.
बाईची बोटं कोण धरणार?
ह्यांची नजर गेलेली. हे चहाच्या टपरीवर बसून
नुसत्या पावलांवरून बैलाचं वय सांगायचे,
आणि मी कासरा धरून दुपारपर्यंत उभी.
शेवटी खाजामियाँनी रुमाल पसरला,
त्याच्याखाली मूठभर जोंधळा सारला.
"कौसाबाई, एक दाणा म्हणजे हजार.
तुम्ही ठेवा, मी उचलतो."
भोवतीचे हसले.
मग हसायचे थांबले, वाकून बघू लागले
रुमाल कुठं हलतोय.
त्या दिवशी सदतीस दाण्यांना मी गोऱ्हा दिला.
वर अर्धा दाणा, त्यांनी दातानं तोडलेला,
पाचशेचा.

तवापासून वही माझ्याकडं.
सही अंगणवाडीच्या बाईनं शिकवली,
एक पावसाळाभर, परातीत राख पसरून.
बँकेतला शिपाई सवयीनं शाईची डबी पुढं करायचा,
त्याला म्हटलं, ठेव बाजूला.
'कौ'च्या दोन मात्रा अजून रेघेबाहेर उडतात,
पण सही ती सही.
आणि तुम्ही, मालक, एवढे शिकलेले,
मला बारा वर्षं अंगठाच पाठवायलाव.

एक गोष्ट फोटोत आली नाही.
शेवऱ्याचे बिदरचा व्यापारी त्रेपन्न देत होता.
मी एकावन्नला वाढवण्याच्या पोराला दिला.
दात बघायच्या आधी त्यानं खूर उचलून बघितला,
खडा रुतलाय का म्हणून.
दोन हजार माझ्या पगारातून कापा.
तसं लिहून ठेवलंय, सहीनिशी.

दावं मात्र त्याला दिलं नाही. देत नसतात,
दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाते म्हणतात.
पोरानं नवं घेतलं, साठ रुपयांचं, हिरवं, नायलॉनचं.
आपल्या खुंटीवर आता एकोणीस झाली.
त्यातलं कुठलं कुणाचं, हे हात लावून सांगतात:
हे वानेऱ्याचं, हे त्या मारक्या गाईचं,
हे तुम्ही बारशाला आला होता, तवाच्या वासराचं.

काल रात्री तुमचा निरोप आला.
राहिलेली जनावरं काढा,
जमिनीला गिऱ्हाईक बघा,
नदीकडच्या तुकड्यापासून सुरू करा.
मी ह्यांना वाचून दाखवला.
हे बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, जमिनीचं दावं कुठं असतं गं?
मला सांगता आलं नाही.
चुलीत तुराट्या सारत बसले.

गिऱ्हाईक बघते, मालक. कामच आहे माझं.
पण जमिनीचा भाव फोनवर ठरवायची नाही.
रुमाल धुऊन ठेवलाय.
जोंधळा नदीकडच्याच तुकड्यातला आहे.
एकदा या, खाली बसा, समोर,
आणि हात घाला आत.
मी दाणे ठेवते. तुम्ही उचला.

एवढं रात्री बोलून पाठवलं.
सकाळी दोन्ही खुणा निळ्या झाल्यात.
अंगठा आलेला नाही.
गाय पान्हवलीय,
धार काढून बघते परत.