गाठ न धरणारा धागा

रबाळ्याला, नाल्याच्या अंगाच्या गाळ्यात
तीन सुयांचं मशीन माझं.
पिशव्या शिवते. बाजाराच्या नव्हेत.
साडेतीन मीटर लांब, मांडीएवढ्या जाड,
धुराड्याच्या पोटात टांगतात त्या,
दोनशे-दोनशे, अंधारात,
पडवळाचा मांडव असावा तशा.

कापड पांढरं, धागाही पांढरा.
हात लावला की ओला वाटतो, नसतो.
निवटीसारखा बोटांतून निसटतो.
पहिल्या दिवशी मारलेली गाठ
बघता बघता आपली आपण सुटली.
मढवीकाका म्हणाले, "याला गाठ धरत नाय गो.
उलटी टीप घाल तीन वेळा.
आपल्याच पावलावर परत ये."
मी चार घालते. सवय.

कस्तुरी वाशीला बीएस्सी करते.
ती सांगते, फ्लोरिन कार्बनला एकदा बिलगला
की इतका घट्ट धरतो,
बाहेरच्या कुणासाठी
त्याचा एकही हात मोकळा उरत नाही.
म्हणून रंग लागत नाही, तेल लागत नाही,
आम्लसुद्धा कंटाळून निघून जातं.
मी म्हटलं, अशी माणसं पाहिलीत मी.
ती हसली नाही.
आपल्या बापाबद्दल चाललंय, तिला कळलं.

माझे बाबा पावण्याला बॉयलरवर होते.
तेव्हा पिशव्या सुती, ठिणगीला घाबरणाऱ्या.
मग काचेच्या धाग्याच्या आल्या,
झटकल्या की घडीवर मोडायच्या.
आणि नळ्यांभोवती ॲस्बेस्टॉसचा दोर,
तो बाबा उघड्या हातांनी गुंडाळायचे,
वर शिल्लक राहिलेला कानामागे खोचायचे, विडीसारखा.
शेवटची दोन वर्षं
ते बसूनच झोपले.

यंदा नवं कापड आलंय.
वर सायीसारखा पडदा, दिसतसुद्धा नाही.
फुंकर पार जाते, धूळ अलीकडेच राहते.
ठोकळा तापवून एका हिसक्यात ओढतात म्हणे.
हळू ओढला तर तुटतो,
हिसका दिला तर जाळी होते.
मी दोनदा विचारून घेतलं,
ऐकण्यात चूक तर नाही ना.

मंगळवारी तळोज्याहून एक पिशवी परत आली.
तक्रार म्हणून, दोन चिठ्ठ्या लावून.
साडेचार वर्षं गरम धुरात लटकलेली.
कापड दुसऱ्या जातीचं, स्वस्तातलं,
टेबलावर ठेवलं तर पापडासारखं मोडलं.
शिवण तेवढी शाबूत.
काहीच न जोडणाऱ्या तीन ओळी
मढवीकाकांच्या हातातून लोंबत होत्या.
फडक्यानं पुसल्या. काजळी सरळ खाली आली,
आत तोच पांढरा.
टोकाशी उलटी टीप.
चार.

मालकांनी विचारलं, कुणाची ही?
मी हात वर केला.
शाळेत कधी केला नव्हता.

त्यांनी ती नमुन्याच्या कपाटात ठेवली.
कापडाचा चुरा पिवळ्या गोणीत गेला.
गोणी कुठं जाते, आम्ही विचारत नाही.
कस्तुरी विचारते.
जाळायचा नाही, विषारी वायू होतो.
पुरला तर तसाच राहील,
तुझ्या माझ्यानंतर, गावाच्या नावानंतर.
मी म्हटलं, आपलं मिठागर होतं तिथं, खाली, गाळात.
आजोबांचं मीठ एका पावसात विरघळायचं,
आणि ते शिव्या देत पुन्हा आगर बांधायचे.

रात्री बॉबिनवर उरलेला हातभर धागा घरी आणला.
घणसोलीच्या गॅलरीत पडवळ वाकडं होत होतं,
त्याला दगड बांधायचा होता.
गाठ सुटली. दगड खालच्या मजल्यावरच्या
भोईरवहिनींच्या पत्र्यावर. त्यांनी विचारलं, काय गो, भूकंप?
मग चिंधीत दगड घातला, हातानंच शिवला,
मागे आले, पुढे गेले, मागे आले.

सकाळी पडवळ जरा सरळ वाटलं.
कदाचित मलाच.