मुंग्या

मे महिन्यात, जेवणं उरकल्यावर,
दांडिया बजारातल्या आमच्या अगाशीवर
मी लोखंडी पाइप धरून उभा असायचो.
वर सात कांड्यांचा अँटेना,
एका कांडीत उत्तरायणापासून अडकलेला
जांभळा पतंग, अर्धा.

तोंड पिजकडे असलं की शेतीचे कार्यक्रम.
तिथून दोन बोटं मावळतीकडे सरकवलं,
आणि दिवसभर तापलेली हवा
रात्री हलायचं विसरली असेल,
तर कराची.

खाली खोलीत वीस माणसं.
किरीटभाई घरून खुर्ची घेऊन यायचे,
नाटकातल्या थोरल्या सुनेसाठी.
जिन्याच्या वळणावर वैजू,
आतला शब्द झेलून वर फेकायला.
"आलं!"
"गेलं."
"जरासं डावीकडे. अरे, तुझं डावं नव्हे!"
"तोंड आलं, आवाज गेला."
"आवाज आला, बाई गेली."

खाली पडद्यावर मुंग्या,
वर माझ्या हाताला मुंग्या,
मधे एक चपटी काळी वायर.
थोरली सून शेवटी रडली की हसली
मला अजून माहीत नाही.

नाटक संपलं की खुर्च्या आपापल्या घरी.
मी पाइप सोडणार, तेवढ्यात वैजू:
"थांब. वेणूमावशी बसल्यात."

वेणूमावशी दिघे, शिवणाच्या बाई,
मागच्या खोलीतल्या भाडेकरू.
नाटकाला कधी येत नसत.
हवामानाला यायच्या,
दाराजवळ पाटावर, पदर नीट करून.
उजवीकडून डावीकडे धावणारी ती अक्षरं
त्यांना कुठली वाचता यायला.
पण आकडा बोलून सांगतात ना,
तेवढाच हवा असायचा.

किरीटभाईंनी एकदा विचारलं,
बेन, तिकडच्या उकाड्याशी तुमचं काय?
म्हणाल्या, रणछोड लाइनीत आमचं दुकान होतं,
बटणांचं.
निघालो तेव्हा दोरीवर परकर वाळत होता.
"एव्हाना वाळला असेल," किरीटभाई म्हणाले,
आणि जीभ चावली.
पण मावशीच आधी हसल्या,
मग सुईत दोरा ओवताना करतात
तसे डोळे बारीक करून
पुन्हा पडद्याकडे.

हे सगळं मला वैजूनं सांगितलं.
मी वर होतो.

त्या वर्षी पाऊस लांबला.
एका रात्री वैजू ओरडली:
"चौतीस! आणि उद्या वारा सुटणार,
समुद्राचा!"
मग बराच वेळ काही नाही.
ना आलं, ना गेलं.

जिन्यात चपलांचा आवाज,
एक पायरी, दम, एक पायरी.
वेणूमावशी अगाशीवर पहिल्यांदाच.
सूरसागरच्या बाजूचे दिवे बघितले,
पाण्याच्या टाकीला हात टेकला,
मग माझ्याशेजारी येऊन
पाइप धरला, माझ्या मुठीच्या वर.

"हे असं का?"
"असं. पिजपासून दोन बोटं."
"मधे काय काय येतं?"
भूगोलात मला कधी पस्तिसाच्या वर मिळाले नव्हते.
"खाडी," मी म्हणालो. "मग मीठ."

त्यांनी मान हलवली.
बोटात अंगुस्तान तसंच राहिलं होतं,
ते पाइपवर टक्क वाजलं.
मग त्यांनी पाइप फिरवला,
अगदी एका दोऱ्याएवढा.
पतंगाचा कागद फडफडला.

मी सवयीनं जिन्यात ओरडलो,
"आलं का?"

खालून वैजू म्हणाली,
"इथं कुणीच बघत नाहीये."