समोर कोन हाय

खिचडी रटरटायला लागली
की भागरताबाई वर्गात येऊन पुस्तकं उलटते.
वाचता येत नाही, म्हणून सावकाश.

आज बोट एका पानावर थांबलं.
इजिप्तची राणी, थडग्यातल्या भिंतीवरची.
पांढरं आरपार लुगडं, गालाला लाली,
तीन हजार वर्षं झाली, पुसली नाही.
वर निळ्या छतावर पिवळ्या चांदण्या,
एकेकीला पाच पाय.

"डोस्क्यावर का हाय इच्या?"
गिधाड, मी म्हटलं. सोन्याचं.
"हव का. माह्या बापाच्या डोंग्यात बसून
मोजत जाओ मी, वैनगंगेच्या पल्याड, मेल्या ढोरावर.
आता एक नाई.
बरं झालं, इनं घालून ठेवलं."

मग तिला पट दिसला.
राणी खुर्चीत, हात सोंगटीवर,
तोंड बाजूला, डोळा मात्र पुरा आपल्याकडं.
"थे खेरते कोनासंग? समोर कोन हाय?"

समोर कुणी काढलेलंच नाही.
मी पुस्तकातलं सांगितलं: मेल्यावरचा प्रवास,
न दिसणारा गडी, जिंकली तर पुढची वाट, वगैरे.
तिनं ऐकलं. पदराला हात पुसले
आणि गंज उतरवायला गेली.

शाळेच्या ओट्यावर, अगदी कडेच्या फरशीत,
अष्टचंगाचा पट कोरलेला आहे.
पंचवीस घरं, त्यातली पाच फुलीची.
मी इथं येण्याआधीचा.
भांडी झाली की भागरता आणि तुरजा तिथं बसायच्या,
फोडलेले चिंचोके घेऊन.
हरली की तुरजा अशा शिव्या द्यायची
की मी वर्गाचं दार लोटून घ्यायची.

तुरजाला आखाडात पुरलं,
नदीच्या वरच्या अंगाला, पूर पोचत नाही तिथं.
भिंत नाही, चित्र नाही,
उशाशी नुसता एक गोटा.
तेव्हापासून भागरता
ओट्याकडं पाठ करून भांडी घासते.

चारची घंटा झाली, पोरं पांगली.
पुस्तक बाकावर उघडंच होतं.
राणीच्या समोर, कोऱ्या जागेत,
चार चिंचोके टाकलेले.
तीन पालथे, एक उताणा.

नळावरून आवाज आला,
राख लागलेल्या हातानं ती ओट्याकडं बघत होती:
"मॅडम, तिची पारी झाली का मंग सांगजा."

मी पंखा बंद केला.