निम्मं

सुपडूभाऊ अपेंडिक्सला गेला आणि परत आला नाही.
फैजपूरच्या टेबलावर सुरी टेकली तशी
दाबाचा काटा दोनशे ऐंशीला गेला म्हणे,
आणि मग काटाच राहिला नाही.
आम्ही डॉक्टरला शिव्या दिल्या.
डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तीन महिन्यांनी त्याचाच फोन.
किडनीच्या डोक्यावर टोपी असते, तिच्यात गाठ निघाली,
लिंबाएवढी.
अशी गाठ कधी कधी एका घरातून फिरते,
भावंडांनी तपासून घ्या.

मग आठवलं,
वजनकाट्यापाशी सुपडूभाऊ मधेच पांढराफटक पडायचा,
ऐन माघात सदरा पिळून निघायचा.
आम्ही म्हणायचो, मुकादम, हिशेबात घोळ दिसतोय.
हसायचा तो. कपाळ दाबत हसायचा.

जळगावच्या दवाखान्यात, खाली तळघरात,
औषध मुंबईहून येतं, शिशाच्या डबीत.
गाडीला उशीर झाला तर वाटेतच विझत जातं,
असं तिथली वसावे सांगत होती, धडगावकडची पोरगी.
म्हटलं, म्हणजे आमच्या मालासारखंच.
सावद्याहून वॅगन भरायची दिल्लीला,
मधे एक रात्र थांबली की घडाला डाग.
ती म्हणाली, काका, केळ्यातही किरणं असतात, चिमूटभर.
चाळीस वर्षं खांद्यावर काय वाहिलं,
कुणी बोललं नव्हतं.

आदल्या दिवसापासून आयोडीनचे थेंब,
खिळा चाटल्यासारखी चव.
गळ्यातल्या ग्रंथीला आधीच जेवू घालायचं,
म्हणजे ती या पाहुण्याला पानावर बसवत नाही.
सर्दीची गोळीसुद्धा बंद.

सुई टोचली. काहीच झालं नाही.
दुसऱ्या दिवशी फळीवर निजवलं,
नाकापासून चार बोटांवर लोखंडी पाट उतरला.
लग्नातला फोटोवाला उजेड टाकतो, मग फोटो काढतो.
हा काही टाकत नाही.
उजेड माझ्यातून निघतो
आणि हा मापाड्यासारखा मोजत बसतो, कण कण,
चाळीस मिनिटं.
पाठ खाजली. भाऊ आठवला.
हललो नाही.

पडद्यावर माझं यकृत, राखेतल्या निखाऱ्यासारखं.
ते असतंच, वसावे म्हणाली.
लाळेच्या ग्रंथी, मूत्राशय, तेही असतंच.
मग तिचं बोट डाव्या कुशीकडे गेलं
आणि तिथेच थांबलं.
असतंच, असं ती म्हणाली नाही.

चार दिवस पुरे, असं तिनं सांगितलेलं; मी आठ धरले.
मधली खोली, वेगळं ताट, संडासात दोनदा पाणी.
सून पोटुशी, तिला वरणगावला धाडली.
नात उंबऱ्यापलीकडून विचारायची,
आबा, संपलं का?
संपत नाही, बाई. आठ दिवसांत निम्मं होतं,
आणखी आठात त्याचं निम्मं.
तिनं बोटं मोडून पाहिली आणि नाद सोडला.

पुढच्या महिन्यात माझ्यावरही सुरी.
पण आधी पंधरा दिवस गोळ्या, रक्ताला लगाम.
भूल देणाऱ्याला त्या गाठीचं नाव पाठ आहे.
भावाच्या वेळी कुणाला माहीत होतं?

काल त्याच्या पोराला फोन लावला, इच्छारामला.
म्हणाला, काका, कापणी चाललीय,
दोन ट्रक उभे आहेत, पुढं बघू.
उभ्या जन्मात जे कुणाला म्हटलं नाही
ते म्हटलं:
पिकू दे झाडावर.
तू ये.