नऊचा वळसा

हिंगण्याच्या एमआयडीसीत, बॉयलरच्या मागच्या भिंतीवर
बारा व्हॉल्व्ह आहेत.
एकाच मापाचे, एकाच लाल रंगाचे,
कारण डझनाने घेतले तेव्हा दर कमी पडला.
पुढे लाईन दोनदा फिरवली, क्रम विस्कटला,
आकडे मात्र तेच राहिले,
कुणा पेंटरने एका दुपारी टाकलेले.

फॉर्मात एक रकाना असतो: अपघाताचे कारण.
मी लिहिलं, मानवी चूक.
दोन शब्दांत रकाना काठोकाठ भरला,
जणू छापणाऱ्याने तेवढीच जागा मोजून ठेवली होती.

गोवर्धन निनावे, फिटर, वय एकावन्न, राहणार गोळीबार चौक.
आडनाव निनावे,
पण चूक तेवढी नावानिशी नोंदलेली.
उघडायचा होता एक, उघडला नऊ.
वाफ उजव्या हातावरून मानेपर्यंत गेली.

मेडिकलच्या वॉर्डात पट्ट्यांच्या आतून तो म्हणाला,
"मी तं एकच उघडला ना, साहेब."
मी मान हलवली. वहीत काही लिहिलं नाही.
जिना उतरताना ते वाक्य
पायरीपायरीवर पुन्हा ऐकू आलं.

म्हणून गेलो. नवतपा चालू होता,
दुपारचे पावणेतीन, त्याच्याच वेळेला.
त्याचा चष्मा घालायचा होता, तो फुटलेला,
माझाच घातला. घामाने काचा धुरकटल्या.
त्याची ती सलग दुसरी पाळी होती,
बदली माणूस लग्नाला गेलेला, भंडाऱ्याला.
मी तर पोटभर जेवून, झोपून आलो होतो.
धुर्वे मागून म्हणाले, "एक नंबर उघडा."

माझा हात सरळ नवाकडे गेला.

वाफेने खाल्ला होता नऊचा वळसा,
उरलेला आकडा अगदी एक दिसत होता.
धुर्वेंनी मनगट धरलं म्हणून थांबलो.
गोवर्धनचं मनगट धरायला कुणी नव्हतं,
हेल्परची जागा दिवाळीपासून रिकामी आहे,
हेही फॉर्मात कुठे बसत नाही.

चहाच्या टपरीवर ठवकर हळूच बोलला,
"होळीच्या वक्ताले माह्याही हातून झालंच असतं, बावा."
मग सांगितलं काहून नाही?
"सांगतलं असतं तं मेमो भेटला असता."
आणि ग्लासात बोट घालून
तो साय काढत बसला, बराच वेळ.

वर केबिनमध्ये एसी होता.
"चुकणाऱ्याला सोडलं तर उद्या सगळेच चुकतील."
मी म्हणालो, सर, सगळे आजही चुकतात,
फक्त बहुतेक वेळा मधे काहीतरी आडवं येतं.
ते म्हणाले, बघू.

भिंतीजवळ एक वही टांगली, सुतळीला पेन्सिल.
थोडक्यात वाचलात तर लिहा, नाव लिहू नका.
पहिला आठवडा कोरा गेला.
दुसऱ्यात कुणीतरी लिहिलं: पेन्सिल चोरीला गेली.
त्याखाली, वेगळ्या अक्षरात:
सहा आणि सातचं चाक सारखंच लागते. रात्री जास्त.
त्या ओळीपाशी मी उभा राहिलो,
देवळात राहतात तसा नव्हे,
उधारी फेडायची राहिलेल्या दुकानापुढे राहतात तसा.

नवाचं चाक बदललं. आता ते चौकोनी आहे.
डोळ्यांवर घाम उतरला तरी तळहाताला कळतं.

दसऱ्यानंतर गोवर्धन आला.
हाताची कातडी नवी, गुलाबी, घट्ट,
मूठ अजून पुरती मिटत नाही.
भिंतीसमोर गेला. माझ्याकडे न बघता विचारलं,
"कितीक लागले याले?"
तीनशे चाळीस रुपये, मी म्हणालो. मजुरी धरून.

तो काहीच बोलला नाही.
चाकावरून बोट फिरवत राहिला,
कोपरा, मग कोपरा,
मग कोपरा,
मग कोपरा.