ताकारीला क्रॉसिंग

कोरेगावच्या फलाटावर ऊन आलं नव्हतं अजून.
जरंड्याच्या कमरेला धुकं, आणि माझ्या
डाव्या खांद्यावर ठकू, उजव्यावर तिचं बिऱ्हाड:
थर्मास, तीन बाटल्या, मऊ भाताचा डबा,
अकरा लंगोट.
गणिताचा मास्तर मी, तरी दुसऱ्यांदा मोजले
तेव्हा दहाच भरले.

रहिमतपूरच्या अलीकडे ठकूनं तिकीट खाल्लं.
सगळं नाही, तारखेचा कोपरा.
मी बोट घालून तारीख बाहेर काढली,
तर तिनं बोटाचा हिशेब
नव्या दोन दातांनी चुकता केला.

"आई कुठं हाय हिची?"
सांगलीत. पाटबंधारे खात्यात. बदली झालीय.
"आन् लेकरू तुमच्यापाशी?"
आठवडाभरच. क्वार्टरला रंग चाललाय, वास फार.
तारगावपर्यंत हे चारदा सांगून झालं,
आणि चौथ्यांदा मला स्वतःलाच
ती सबब वाटू लागली.

बाहेर सोयाबीन निघालेली रानं,
मळणीयंत्रावर उडणारा भुस्सा,
वर पिळून ठेवलेले, पसरायचे राहून गेलेले ढग
(आठ महिने झाले, मला सगळीकडे
धुणंच दिसतं).

मसूरला झेंडूची पाटी घेऊन एक बाई चढली.
उद्याच्या दसऱ्याचा माल, सांगलीच्या बाजारात.
तिनं काही विचारलं नाही.
"पाय गार पडल्यात," एवढंच म्हणाली,
आणि ठकूची दोन्ही पावलं
मुठीत धरून बसली, कराड जाईपर्यंत,
खिडकीबाहेर बघत,
जशी कुणी पिशवीचे बंद धरून बसते.

ताकारीला क्रॉसिंग.
गाडी थांबली, पंखे थांबले,
आश्विनातलं ऊन पत्र्यावर येऊन बसलं
आणि ठकूनं तोंड उघडलं.
बाटली नको. भात नको. खुळखुळा तर
समोरच्या काकांच्या पायाशी.
मला गाणी येत नाहीत.
मी पाढे म्हणायला लागलो.
बेचा, तेराचा, सतराचा,
एकोणतीस एके एकोणतीस,
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,
एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.
कुणीतरी हसलं. "मास्तर, पाढा ऱ्हाऊ द्या,
आवाज बदला. छडी असल्यागत वाटतंय."

तेव्हा त्या बाईनं पाटीतलं देठ मोडलेलं एक फूल
ठकूच्या हातात दिलं.
रडणं मधेच राहिलं, हुंदका अर्धा आत.
तिनं पहिली पाकळी ओढली.
मग दुसरी. मग बराच वेळ नुसतं बघितलं.
समोरून एक्स्प्रेस धडधडत गेली
तरी मान वर नाही.
अख्खा डबा गप्प बसून
एक झेंडू उलगडताना बघत होता.

भिलवडीच्या आसपास ती झोपली.
बाहेर छाटणी झालेल्या द्राक्षबागा, नुसत्या काड्या,
आणि बायका एकेका डोळ्याला पेस्ट लावत होत्या
बोटाच्या टोकानं,
बाळाला काजळ घालावं तसं.

सांगलीला मनस्विनी उभी होती,
कोपराला पांढऱ्या रंगाचा ठिपका.
"रडली?"
नाही, म्हणालो.
तिनं घेतली. हुंगली. "कुणाच्या मिश्रीचा वास येतोय?"
ठकू जागी झाली,
आणि तिनं आईकडे बघितलं
कोऱ्या पाटीसारखं.

किती वेळ? तीन सेकंद. चार असतील.
आठ महिन्यांतला आठवडा म्हणजे
जवळजवळ तिसावा हिस्सा.
माझ्या चौतीस वर्षांत तेवढा मांडला
तर वर्षाहून जास्त भरतो.
हे गणित मी तिथं, फलाटावर, केलं
आणि मनस्विनीला सांगितलं नाही.

मग मूठ उघडली.
घामानं भिजलेला केशरी लगदा
आईच्या गालाला फासला गेला,
नाकाला, चष्म्याला.
झेंडूवाली पाटी डोक्यावर चढवून
जिन्याकडे निघाली होती.
मी हाक मारायला तोंड उघडलं
आणि लक्षात आलं, नाव विचारलंच नाही.