यंदा पिल्लं नाहीत

रंग काय विचारता फोनवर?
या जातीत रंग एकच,
जरा जास्त भाजलेल्या पावाच्या कडेचा.
तुम्ही रोज किती चालता, ते सांगा आधी.
दिवसा घरी कोण असतं, ते सांगा.
चौथ्या मजल्याचं मला काही नाही,
रिकाम्या चौथ्या मजल्याचं आहे.

आलात, बरं केलंत. बसा.
बूट काढले तरी ती पायांवरच झोपेल.
ही सिक्रा. ठिणगी.
बेर्त्सीनं ठेवलेलं शेवटचं नाव.
सकाळी तिसाकाठच्या लव्हाळ्यात चार तास पळून आली
तरी दुपारी दार खरवडणार,
आणि रात्री माझ्या पांघरुणात शिरून
गार नाक पोटरीला टेकवणार.
अंगणात ठेवायचं जनावर नाही हे.
माणूस उठून दुसऱ्या खोलीत गेलं
तरी हिला ते गाव सोडून गेल्यासारखं वाटतं.

अशाच एकाला विहिरीपाशी साखळीनं बांधलेलं
मी पाहिलंय.
आमच्याच घरचं पिल्लू.
त्या वेताला नऊ झाली होती, आठांची घरं जाऊन बघून आले,
नवव्याच्या वेळी चिखल होता
आणि माणूस फार गोड बोलत होता.
दोन वर्षांनी परत आणायला गेले
तर शेपूट हलवण्याआधी
ते माझ्या तोंडाकडे बघायचं, हलवू का म्हणून.

म्हणून हा कागद.
नकोसं झालं तर माझ्या दारात आणायचं,
कुठल्याही वयात, रात्री कितीही वाजता.
लोरिंत्स हसतो माझ्या कागदांना.
त्याची कुत्री दर माजाला नराकडे जाते.
तिची आचळं जमिनीला लागलीत,
अंगणात नवी गाडी उभी आहे.

पण तुम्ही सिक्राचं पिल्लू बघायला आलात.
थांबा, पडदा सारते.
हे उजेडाकडे धरा. मध्ये नको, कडेला धरा.
डावा खुबा: वाटीत गोटी बसावी तसा.
आता उजवा.
नाही दिसत? मलाही दिसलं नव्हतं.
डॉक्टर कोचिशनी पेनाच्या टोकानं दाखवलं,
मग त्या पेनाला टोपण लावायला
त्यांना फार वेळ लागला.

लंगडत नाही ती.
कदाचित जन्मात लंगडणार नाही.
तिची पिल्लं लंगडतील, नाहीतर त्यांची.
लोरिंत्स म्हणाला, एवढंसं तर आहे, कोण बघतंय.
म्हटलं, मी बघितलं ना.

लढाई संपल्यावर सासऱ्यांनी म्हणे
एक गाभण कुत्री पिठाच्या पोत्यांखाली लपवून आणली.
ही वही तिच्यापासून सुरू होते.
अकरा पिढ्या, चार हस्ताक्षरं,
या पानावर सांडलेल्या सूपचा लाल डाग, तो बेर्त्सीचा.
सिक्राच्या नावाखालची जागा
आठवडाभर कोरी ठेवली.
मग शाईनं आडवी रेघ ओढली.
पेन्सिलनं ओढली असती तर
माज आल्यावर खोडली असती. मी ओळखते मला.

तुम्ही तिला रानात बघायला हवं.
भरधाव सुटलेली असते,
आणि फेझंटचा वास लागला की जागच्या जागी गोठते,
पुढचा एक पाय उचललेला,
नाकापासून शेपटीपर्यंत सुतळी ताणल्यासारखी.
पक्षी तीन पावलांवर.
अंग थरथरतं. पाय खाली येत नाही.

कोमारोमजवळ एक बाई आहे, नंबर लिहून देते.
तिच्याकडचे सगळे एक्स-रे मी बघितलेत.
प्रश्न माझ्याहून जास्त विचारते,
रागावू नका तिच्यावर.
आता हळूच पाय काढून घ्या,
जागी नाही व्हायची.

नाही?
मग राहू द्या. सहाला आणखी एक बस आहे.